तीन वेळा ऑपरेशन पुढे गेलं. गुडघ्यापेक्षा आईच्या मनाची काळजी वाटतेय (नाशिक)

पाथर्डीफाटा (१३ जून, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज लिहायला बसले, कारण आई झोपलीय आणि तिचा मोबाईल चक्क माझ्या हातात आहे. गेल्या दहा दिवसांत हे पहिल्यांदाच.

आई ६४ वर्षांची. वडील गेल्यापासून माझ्याकडेच असते. दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जास्त. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले, हाडावर हाड घासतंय, गोळ्यांनी आता काही व्हायचं नाही, बदलून घ्या. पैशांचा प्रश्न नाही, माझ्या कंपनीच्या विम्यात ती आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही. कृपया विचारूही नका.

पहिली तारीख जानेवारीअखेरची होती, माझं हळदीकुंकू आटोपल्यावरची. तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.२ आली. साखर खाली आणा, मग बघू. आईने इमानेइतबारे आणली. भात बंद, चहातली साखर बंद, समोर आमरस असताना भाकरी. एप्रिलात ७.३ झाली, दुसरी तारीख मिळाली, तर लघवीत जंतुसंसर्ग निघाला. परत घरी.

तिसरी तारीख ३ जूनची. आदल्या संध्याकाळी भरती झालो. रात्री दहानंतर अन्न नाही, पहाटेनंतर पाणी नाही. सकाळी हिरवा गाऊन घातला, बांगड्या उतरवल्या, उजव्या मांडीवर मार्करने बाण काढला. दुपारी तीन वाजता सिस्टर येऊन म्हणाल्या, "आजी, आज नाही होणार, अपघाताच्या केसेस आल्यात. चहा घ्या." पुढची तारीख? "फोन करू."

तो बाण आठवडाभर मांडीवर होता. आंघोळीला बसली की आई त्यावर तांब्या ओतायची, पण घासायची नाही. मी एकदा साबण लावायला गेले तर हात धरला. "राहू दे, परत काढावा लागेल."

आता फोनविषयी. रुग्णालयाचा फोन येईल म्हणून मोबाईल सतत हातात. न्हाणीघरात नेते. नातवाला हात लावू देत नाही. कर्ज घ्या म्हणणाऱ्यांचा फोन आला तरी उभी राहायचा प्रयत्न करते. रात्री दोनला उठून बघते, चुकून बंद तर नाही ना पडला. गुरुवारचं भजनी मंडळ सुटलं. यंदा कुरडया-पापड काही केलं नाही, कारण "एप्रिलात ऑपरेशन आहे, ओला गहू कोण बघणार?" एप्रिल गेला, मे गेला, उन्हाळाही गेला, डबे रिकामेच. भरतीसाठी भरलेली बॅग दाराआड तशीच उभी आहे, कपाटात ठेवू देत नाही.

परवा म्हणाली, "मी ना धड आजारी, ना धड बरी. तुमचं सगळं माझ्यामुळे अडून राहिलंय." जेवण निम्म्यावर आलंय.

हे तात्पुरतं आहे का? कुणाच्या घरी असं झालंय का? तुम्ही काय केलंत? मनाच्या डॉक्टरकडे न्यावं इतकं हे आहे का?

---

रविवार_कारंजा (१३ जून, रात्री ११.४८)

ताई, मी स्वतःच त्या रांगेत. हर्निया. सात महिने झाले. आधी दिवाळीचा सीझन म्हणून मीच टाळलं, मग बीपी वाढलेलं निघालं, मग सर्जन बाहेरगावी, मग मला खोकला झाला आणि खोकला असताना करत नाहीत म्हणे.

लोकांना सांगितलं की म्हणतात, "हर्निया ना? छोटंसं तर ऑपरेशन!" छोटंसं आहे म्हणून तर मेलं कुणी विचारत नाही. पण दुकानाचं शटर उचलताना रोज सकाळी पोट धरतो आणि मनात येतं, आज अडकलं आतडं तर? डॉक्टरांनीच सांगितलंय, फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सीला या. त्यांनी भल्यासाठी सांगितलं, पण माझ्या डोक्यात घंटाच बांधून ठेवली. दिवसातून वीस वेळा हात लावून बघतो. गिऱ्हाईक समोर असलं तरी. बायको म्हणते, तुम्ही हल्ली हसत नाही. मी म्हणालो, हसल्यावर पण दुखतं.

---

खडूफळा (१४ जून, सकाळी ६.१५)

निवृत्त शिक्षक आहे, वय ७६. स्पष्ट लिहितो, राग नसावा. आमच्या आईने गुडघे धरत धरत नव्वदी गाठली. तेव्हा ना सांधे बदलत, ना तारखा मिळत, ना कोणी तिच्या मनाची चौकशी केली. सकाळी गोदाकाठी चक्कर, संध्याकाळी हरिपाठ, मन आपोआप ताळ्यावर. हल्ली प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव देण्याची फॅशन आली आहे. आईंना हातात जपमाळ द्या, मोबाईल काढून घ्या.

---

पाथर्डीफाटा (१४ जून, सकाळी ७.०२)

सर, गोदाकाठी चक्कर मारता आली असती तर हा धागा काढलाच नसता. ती जिना उतरत नाही.

---

भूलवाला (१४ जून, दुपारी ३.३०)

मी भूलतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच. म्हणजे "आज नाही होणार" यातला निम्मा दोष ज्याच्या माथी मारला जातो तो माणूस.

आधी एका शब्दाबद्दल. आमच्याकडे ऑपरेशनांचे दोन ढीग असतात, इमर्जन्सी आणि इलेक्टिव्ह. इलेक्टिव्हचा अर्थ "केलं नाही तरी चालेल" असा नाही. अर्थ इतकाच की दिवस ठरवून करता येतं. पण व्यवहारात दिवस ठरवता येतो म्हणजे बदलताही येतो असंच होतं. मुंबई-आग्रा हायवेवर गाडी उलटली की टेबल त्या पोराला जाणार, अडलेली बाळंतीण आली की तिला जाणार. आणि ते बरोबरच आहे.

आईंच्या पहिल्या दोन वेळा कारणं पक्की होती. कृत्रिम सांधा म्हणजे शरीरातली परकी वस्तू. लघवीत, दातात, नखुरड्यात कुठेही जंतू असले तर ते रक्तातून जाऊन तिथे ठाण मांडू शकतात. मग तो सांधा काढून पुन्हा बसवायची वेळ येते. साखर जास्त असली की तोच धोका वाढतो, म्हणून बरेच सर्जन तीन महिन्यांची साखर साडेसात-आठच्या आत आल्याशिवाय हात लावत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिनीत औषधी स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्या माणसाला तर न घाईचं ऑपरेशन शक्यतो सहा महिने थांबवतात. यात कुणी कुणाला छळत नसतं.

तिसऱ्या वेळेला मात्र आमचं चुकतं. अपघात आले यात चूक नाही, आजींना कसं सांगितलं त्यात आहे. यादीत चौथा नंबर असलेल्या माणसाचं आज होणार नाही हे आम्हाला साधारण बारा वाजता कळलेलं असतं. तीनपर्यंत उपाशी ठेवायचं कारण नसतं. शास्त्र सांगतं की हलकं अन्न सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण वॉर्डात सगळ्यांना सरसकट पहाटेपासून कोरडं ठेवलं जातं, कारण ते सोपं पडतं. केसपेपरवर आम्ही 'पोस्टपोन' एवढाच शब्द लिहितो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. त्या शब्दाचं पुढे घरी काय होतं हे आम्हाला दिसत नाही. मांडीवरचा बाण वाचून मी दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवला.

आणखी एक. ऑपरेशनआधी ज्यांच्या मनात भीती आणि उदासी साचलेली असते, त्यांना गुडघा बदलल्यावर दुखणंही जास्त जाणवतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून आईंचं मन हा 'नंतर बघू' असा विषय नाही. साखरेइतकीच ती ऑपरेशनची तयारी आहे.

---

निफाडकर (१४ जून, रात्री ९.२०)

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या दादांचं (वडील, ७१) प्रोस्टेटचं. लघवी अडली म्हणून रात्री दवाखान्यात नेलं, नळी टाकली, पिशवी लावली. डॉक्टर म्हणले ऑपरेशन करून टाकू. आता खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. ऑक्टोबर होता. द्राक्षाची छाटणी तोंडावर, मजूर ठरलेले, डिपिंग (घड औषधात बुडवणं), फवारण्या, माणूस कुठून काढायचा? मीच म्हणलं, दादा, थोडं थांबू. दादा काही बोलले नाहीत. मग सरकारी योजनेतून करायचं ठरलं तर आधारवर आडनाव एक आणि रेशनकार्डवर दुसरं. ते दुरुस्त होईस्तोवर माल काढणीला आला. नळी दर काही आठवड्यांनी बदलायची आणि पिशवी काखेत. साडेचार महिने.

आमचं म्हातारं गावात पारावर रोज बसणारं. सोसायटीच्या निवडणुकीची अर्धी गणितं तिथंच व्हायची. पिशवी लागल्यापासून पारावर गेलं नाही. बायकोने जुन्या ब्लाऊजपीसची खोळ शिवून दिली, नाडी लावून, धोतराच्या आत बसेल अशी. तरी लग्नाला आले नाहीत. भाच्याचं लग्न होतं, सख्ख्या. म्हणले, वास येतो. वास येत नव्हता, मी शपथेवर सांगतो. पण त्यांना येत होता.

मळ्यातल्या खोलीत एकटे झोपायला लागले. आम्हाला वाटलं थंडावा आवडतो. मार्चात ऑपरेशन झालं, नळी निघाली, तिसऱ्या दिवशी म्हणले, "मला वाटलं तुम्हाला बाग माझ्यापेक्षा मोठी." बास. मी काय उत्तर देणार? बागेचे पैसे झाले, बरे झाले. पण ते वाक्य अजून जात नाही.

ताई, उशीर कायम दवाखानाच करतो असं नाही, एवढंच सांगायचं होतं.

---

लीड्सवाली (१५ जून, पहाटे २.४०)

माहेर कॉलेज रोड, आता इंग्लंडात. इथे सगळं फुकट आणि वेळेवर असेल असं तिकडे वाटतं म्हणून लिहिते. इथे नियम आहे की डॉक्टरने पाठवल्यापासून १८ आठवड्यांत शंभरातल्या ९२ जणांचे उपचार सुरू व्हायला हवेत. कित्येक वर्षांत ते जमलेलं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात इंग्लंडातली प्रतीक्षायादी ७७ लाखांच्या वर गेली होती. माझ्या शेजारच्या आजोबांनी खुब्यासाठी दीड वर्ष काढलं. कुत्रा देऊन टाकला, कारण फिरवता येईना. ऑपरेशन झालं, आता ते चालतात, पण कुत्रा नाही.

एक फरक मात्र आहे. इथे पत्र येतं. तुमचं नाव यादीत आहे, दुखणं वाढलं तर या नंबरला सांगा, असं. तारीख नसते, पण आपल्याला कुणी विसरलेलं नाही एवढं त्या कागदावरून कळतं. आजोबांनी ते फ्रिजला लावून ठेवलं होतं.

---

चिवडा_मसाला (१५ जून, सकाळी १०.०५)

निफाडकर यांच्यासाठी आणि इतरांसाठीही: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव किंवा आडनाव जुळत नसेल तर ऑपरेशनची वेळ आल्यावर धावपळ करू नका. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल असतं, पहिल्या तपासणीच्या दिवशीच त्याला आधार आणि रेशनकार्ड दाखवून घ्या. मंजुरी ऑनलाईन जाते, कागद कमी पडला की 'क्वेरी' निघते आणि ती क्वेरी कुणीतरी उत्तर देईपर्यंत तशीच पडून राहते. रुग्णाला वाटतं सरकार नाही म्हणालं. तसं नसतं, रोज जाऊन "क्वेरीचं काय झालं" एवढंच विचारा. चौकशीचा नंबर १५५३८८.

---

नाव_नको (१६ जून, रात्री १२.५०)

नवीन आयडी काढून लिहितेय. वय ४३. गर्भपिशवीत गाठी आहेत. पाळी पंधरा-पंधरा दिवस चालते. पिशवी काढायची ठरलंय, पण हिमोग्लोबिन ६.८ होतं, म्हणून आधी लोहाची इंजेक्शनं, रक्त वाढवा, मग तारीख. वाढतं आणि पुढच्या पाळीत सगळं वाहून जातं. पाच महिने हेच चाललंय.

घरात सासूबाईंना वाटतं ढोंग आहे. "दोन मुलं झाली, आता पिशवीचं काय एवढं, काढून टाक." काढूनच टाकायचीय हो, पण काढत नाहीयेत. सिडकोतून सातपूरला कामाला जाते. बसमध्ये सीट मोकळी असली तरी बसत नाही, डाग पडेल म्हणून. गडद रंग सोडून काही घालत नाही. कुणाच्या घरी गेले तर जमिनीवर बसते. मुलांवर इतकी खेकसते की धाकटा आता मला काही सांगतच नाही.

हल्ली रात्री झोपताना वाटतं, सकाळी जाग आली नाही तर बरं. म्हणजे काही करणार नाही मी. पण वाटतं.

---

मनमोकळं (१६ जून, रात्री १.१५)

नाव_नको, मी समुपदेशक आहे. योगायोगाने जागी आहे आणि बरं झालं जागी आहे. तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते तिथे मांडलंत हे फार चांगलं केलंत. सरळ विचारते, त्याचा राग मानू नका. स्वतःला काही करून घ्यावं असा विचार येतो का? येत असेल किंवा येईल असं वाटत असेल तर आत्ता या क्षणी १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. आणि घरात ज्या एका माणसाचा भरवसा वाटतो त्याला उठवा. सासूबाई नकोत, नवरा असेल, बहीण असेल. उद्या सकाळी मला इथे निरोपात एक शब्द लिहा, "उठले" एवढाच चालेल.

रक्त इतकं कमी असताना थकवा, चिडचिड, रडू येणं यात शरीराचाही मोठा वाटा असतो. तुम्ही वाईट आई झालेल्या नाही आहात.

---

नाव_नको (१६ जून, सकाळी ६.४०)

उठले. रात्री फोन केला. बाई वीस मिनिटं बोलल्या. नवऱ्याला पण हा धागा दाखवला. तो गप्प बसून होता. आज डॉक्टरांकडे दोघं जातोय.

---

मनमोकळं (१६ जून, सकाळी ११.३०)

वा. धन्यवाद कळवल्याबद्दल.

आता पाथर्डीफाटा ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो इथे बऱ्याच जणांचा असेल. काळजी आणि नैराश्य यांतला फरक घरच्यांनी कसा ओळखायचा? मी भूक, झोप आणि आवड बघते. ऑपरेशनची चिंता वाटणारा माणूस फोनकडे बघतो, पण नातवाने विनोद केला तर हसतो, आवडती भाजी असली तर चार घास जास्त जातात. दोन आठवडे होऊन गेले, बहुतेक दिवस असेच गेले आणि कशातच रस नाही, झोप तुटतेय, जेवण कमी, "मी ओझं आहे" असं वारंवार तोंडात, तर मग ती नुसती काळजी राहिलेली नसते. आम्ही वापरतो ती नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९ म्हणतात, मराठीतही मिळते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाला दाखवायला हवं. पण घरी बसून आईची परीक्षा घेऊ नका, कुठल्याही फॅमिली डॉक्टरकडे पाच मिनिटांत होते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढून जाता येतं.

माझ्याकडे आलेल्या अशा रुग्णांना मी एक प्रश्न विचारते, "कशाची भीती वाटते?" आणि उत्तर आलं की परत विचारते, "आणखी?" पहिलं उत्तर नेहमी दुखण्याचं असतं. खरं उत्तर तिसऱ्या-चौथ्या वेळेला येतं. मध्ये बोलायचं नाही, समजूत घालायची नाही. "काही होत नाही गं" हे वाक्य तर घरात बंदच करा, त्याने माणूस गप्प होतो, धीर येत नाही.

फोनबद्दल असं सुचवेन की रुग्णालयाला दोन नंबर द्या, त्यात पहिला तुमचा. आणि आठवड्यातला एक वार ठरवून तुम्हीच फोन करा. सोमवारी अकराला आपण फोन करायचा हे ठरलं की उरलेले सहा दिवस फोनची वाट बघावी लागत नाही. तारीख देता येत नसेल तर त्यांच्याकडून निदान पुढचा टप्पा मागा. पुन्हा रक्त-लघवी तपासणी कधी, रद्द झालेल्यांना यादीत वर घेतात का. बहुतेक ठिकाणी विचारल्यावर सांगतात.

आणि मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. आधीपासून नैराश्याचं औषध चालू असेल तर ऑपरेशन म्हणून ते आपल्या मनाने बंदही करू नका, भूलतज्ज्ञांना सांगा.

---

भूलवाला (१६ जून, दुपारी २.१०)

शेवटच्या ओळीला हजारदा दुजोरा. लोक बीपीची गोळी सांगतात, मनाची लपवतात. मग टेबलावर आम्हाला कोडी पडतात.

---

फिजिओताई (१६ जून, रात्री ८.४५)

इंदिरानगरला माझं छोटं क्लिनिक आहे. मला एवढंच सांगायचंय की वाट बघणाऱ्या माणसाच्या हाताला काम द्या, इथे पायाला म्हणू. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. नंतर पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मांडीचे स्नायू ऑपरेशनच्या आधी जितके भक्कम, तितकं नंतर लवकर उभं राहता येतं. वॉकरही आत्ताच आणा आणि घरात चालायची सवय करा. माझ्या एक पेशंट काकू भिंतीवर खडूने रेघा मारायच्या, किती वेळा दाबलं त्याच्या. तारीख पुढे गेली की म्हणायच्या, "चला, आणखी रेघा."

(डॉक्टरांना एकदा विचारून सुरू करा. प्रत्येकाचा गुडघा वेगळा.)

---

पाथर्डीफाटा (१९ जून, रात्री १०.३०)

सगळ्यांना एकेकाला उत्तर द्यायचंय, पण आधी काल काय झालं ते सांगते.

मनमोकळं ताईंनी सांगितलं तसं केलं. आईच्या पायाला तेल लावत होते, विचारलं, कशाची भीती वाटते? म्हणाली दुखेल. आणखी? पाय लुळा पडला तर. आणखी? बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, ती बॅग आण.

बॅगेत गाऊन, टॉवेल, तांब्या-भांडं, रिपोर्टची फाईल, हे मीच भरलं होतं. तळाशी एक जुनी शंभर पानी वही निघाली. पहिल्या पानावर दूधवाल्याचा हिशोब, बचत गटाचे राहिलेले हप्ते. पुढे कुणाला कुठली साडी. पाटल्या भावाच्या मुलीला. देवघरातला बाळकृष्ण कुणाकडे जायचा. माझ्यासाठी एक पान होतं, ते इथे लिहीत नाही.

आणि हे तीनदा लिहिलेलं. जानेवारीचं, एप्रिलचं, जूनचं. प्रत्येक वेळी नवीन पान, वर तारीख. मला म्हणाली, "अगं, तुम्हाला वाटतं ऑपरेशन पुढे गेलं म्हणजे काहीच झालं नाही. मी दर वेळी सगळ्यांचा निरोप घेऊन जाते आणि परत येते. परत आल्यावर ह्या घरात कसं वागायचं ते कळत नाही. चौथ्यांदा निरोप घ्यायला आता माझ्यात जीव नाही."

मी साखर बघत होते, लघवी बघत होते, विम्याची मुदत बघत होते. हे कुठल्या रिपोर्टात येणार होतं?

सोमवारी फोन करायचं ठरवलंय. फॅमिली डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ते नऊ प्रश्न विचारले. १२ आले. पुढच्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे नाव लावलंय. आई आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "ते तरी दिलेल्या दिवशी भेटतील ना?"

---

खडूफळा (२० जून, सकाळी ५.५०)

ताई, माझा पहिला प्रतिसाद सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "२०२० विसरलात वाटतं?"

तेव्हा माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला होता आणि टाळेबंदीत सगळी नियोजित ऑपरेशनं बंद झाली. त्या वर्षी बारा आठवड्यांत जगभरात २ कोटी ८४ लाख ऑपरेशनं पुढे जातील असा संशोधकांचा अंदाज छापून आला होता, तो मला सौभाग्यवतींनीच वाचून दाखवला होता, कारण मला वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. त्या सांगतात की आठ महिने मी घरात एकाशी धड बोललो नाही आणि शब्दकोड्याची वही फाडून टाकली. मला वही फाडल्याचं आठवत नाही. पण त्या म्हणतात तर फाडली असेल.

हरिपाठाबद्दलचं मत कायम आहे. जपमाळेबद्दलचं मागे घेतो.

---

निफाडकर (२० जून, रात्री ९.००)

वहीचं वाचून दादांना विचारलं, तुम्ही पण काही लिहून ठेवलं होतं का? म्हणले, "लिहिता येत असतं तर लिहिलं असतं." मग बसून सांगत होते, दीड तास. विहिरीवरल्या मोटारीचं, चुलत्याच्या बांधाचं, आईच्या मण्यांचं. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले तरी डोक्यात तसंच होतं सगळं.

---

नाव_नको (२४ जून, रात्री ९.४५)

हिमोग्लोबिन ८.९. रक्तस्राव थांबायची गोळी बदलून दिलीय, या वेळी टिकलंय. डॉक्टरांनी नवऱ्यासमोर सांगितलं की दहाच्या वर गेलं की लगेच तारीख, आणि तोवर हिला जड काम नको. सासूबाईंनी काल पोळ्या केल्या. काही बोलल्या नाहीत, पण केल्या.

---

पाथर्डीफाटा (३० जून, रात्री १०.१५)

दुसरा सोमवार झाला. तारीख नाही. पण रद्द झालेल्यांना यादीत पहिला नंबर देतात हे कळलं आणि १० जुलैला पुन्हा तपासण्या आहेत. मानसोपचारतज्ज्ञांनी एक छोटी गोळी दिलीय, असर यायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. झोप मात्र थोडी लागतेय. वॉकर आणला. गुरुवारी भजनी मंडळच आमच्याकडे आलं, सातजणी, चहाला दूध कमी पडलं.

बॅग अजून दाराआडच आहे. वही मात्र आईने बाहेर काढून टीव्हीखाली ठेवलीय. मागच्या कोऱ्या पानांवर फिजिओताईंच्या रेघा मारते.

---

रविवार_कारंजा (३० जून, रात्री ११.०५)

भारी! आजींना नमस्कार सांगा.

माझी तारीख १८ जुलै, टिकली तर. तोवर शटर उचलायचं नाही असा घरून हुकूम आहे. कुणी शटरला मोटर बसवलीय का? दहा फुटी आहे, जुनं, जाड पत्र्याचं. साधारण काय खर्च येतो?

---

चिवडा_मसाला (३० जून, रात्री ११.२०)

दादा, सकाळी नऊला मी तुमच्याच गल्लीतून जातो. १८ पर्यंत मी उचलून देतो. मोटरचं नंतर बघा.